खंड्याचा पाय धडधाकट आहे

चंपाषष्ठी, मिनेसोटा
(बाहेर उणे १४, आत वांग्याच्या भरताचा धूर)

ती. तात्या आणि ती. आई यांना सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही सगळे सुखरूप आहोत. एक दिवसाआड व्हिडिओ कॉल होत असताना कागद कशाला खर्ची घातला म्हणाल, तर हा विषय फोनवर बोलता येत नाही. बोलायला लागलं की तुम्ही मध्येच काहीतरी विचारणार, मी 'हो' म्हणणार आणि मी 'हो' म्हटलं की आमचा खंड्या दगडासारखा उभा राहणार.

गेल्या रविवारी तुम्ही पाहिलंत ते हेच. आई, तुम्ही विचारलंत, "मुलं जेवली का गं?" मी म्हटलं, "हो, हो." खंड्या तेव्हा माझ्या मागून पाण्याच्या भांड्याकडे निघाला होता. तो पुढचा एक पाय उचलून, मान लांब करून तिथेच थिजला. तुम्हाला वाटलं वात आला. दुसऱ्या दिवशी सूसच्या आत्यांचा निरोप आला की तीळतेल कोमट करून चोळा. चांद्याच्या मामांनी तर कुत्र्याला दृष्ट लागल्याचंच ठरवलं. तेव्हा आता पारावर जाहीर करून टाका की खंड्याचा पाय धडधाकट आहे. पाय उचलून उभं राहणं हीच त्याची नोकरी.

झालं असं. हा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. गवतात दडलेला पक्षी वासावरून हुडकायचा आणि सापडला की त्याच्यावर झेप न घेता जागीच थांबायचं, हे त्याचं काम. आपल्याकडचे मुधोळ नि कारवान डोळ्यांनी सावज हेरतात आणि पळून गाठतात. हा नाकानं हेरतो आणि थांबतो. लांडगा झडप घालण्याआधी क्षणभर थबकतो ना, तो क्षण म्हणे माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ताणत ताणत मिनिटांवर आणला. मालक पुढे जाऊन पक्षी उठवतो. पक्षी फडफडत उडाला, बंदूक वाजली, तरी पोरानं हलायचं नाही. आज्ञा मिळाली की मगच जाऊन पडलेला पक्षी उचलून आणायचा, तोही दात न लावता.

या थांबण्याला इथले लोक 'व्हो' म्हणतात. घोड्याला थांबवायचा शब्द. तुमचे चिरंजीव ऐकून हरखले. म्हणाले, "अगं, तात्या औताच्या बैलांना 'हो, हो' म्हणून थांबवायचे, तेच हे!" आणि त्यांनी खंड्याला आपल्या शेतातलं 'हो' शिकवलं. मराठी घरात दिवसातून किती वेळा 'हो' म्हटलं जातं, विशेषतः सुनेला किती वेळा म्हणावं लागतं, याचा विचार हिंजवडीत बारा वर्षं सॉफ्टवेअर केलेल्या माणसाच्या डोक्यात आला नाही. आता आम्ही घरात नुसत्या माना हलवतो. मुलं होकाराला 'येस' म्हणतात म्हणून तुम्ही रागावता, पण त्यात त्यांचा दोष नाही.

नाव मुलीनं ठेवलं. खंडोबाचं कुत्रं म्हणून खंड्या, आणि पक्ष्यांच्या कामाचं म्हणून खंड्या पक्ष्याचंही नाव, असं दुहेरी समर्थन तिनं दिलं. इथे ते कुणाला म्हणता येत नाही. सत्तावीस किलोच्या, रुंद छातीच्या नराला सगळे प्रेमानं 'कँडी' म्हणतात. तो त्यालाही येतो. त्याला मानापमान नाही.

शिकवणी सहा महिने माझ्या अंगणात चालली. आधी मासे धरायच्या काठीला पक्ष्याचा पंख बांधून नाचवला. मग गळ्यात तीस फुटी दोरी. मग पेटीत कबूतर ठेवलं. कळ दाबली की पेटी उघडून ते वर उडतं, आणि खंड्यानं ते नुसतं बघत राहायचं. बंदुकीच्या आवाजाची भीती एकदा बसली की कुत्रा कायमचा वाया जातो म्हणून सुरुवात भांड्यांपासून केली. तो जेवत असताना मी लांब उभी राहून पातेली आपटायची, रोज थोडं जवळ येत. मार्च २०२० मधल्या जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता आपण गच्चीवर थाळ्या बडवल्या होत्या, तो सराव कामी आला. शेजारच्या बाईंनी मात्र 'घरात सगळं ठीक आहे ना' म्हणून हळूच विचारलं.

मग परीक्षा. नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन नावाची संस्था १९६९ पासून या कुत्र्यांच्या परीक्षा घेते. सोळा महिन्यांच्या आतल्या पिल्लांचा उपजत गुण तपासतात: नाक, शोध, माग, पाणी, पॉइंट. एकूण गुण ११२. तात्या, तुम्ही यांच्या दहावीच्या निकालाला उभे होता तसेच हे त्या दिवशी उभे होते, तोंड कोरडं. खंड्या सुसाट शोध घेत होता. तेवढ्यात परीक्षकांनी यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि यांच्या तोंडून घाबरून निघून गेलं, "हो, हो." खंड्या उघड्या माळावर, पक्षी नाही, वास नाही, पाय उचलून उभा. किती गुण मिळाले ते विचारू नका. यांनाही विचारू नका.

शिकार कसली, तर रिंगनेक फेजंटची. लांब शेपटीचा रंगीत कोंबडाच. मला वाटलं होतं अस्सल इथला असेल. कसचा! तो मूळचा चीनचा. शांघायला असलेल्या एका अमेरिकन वाणिज्यदूतानं १८८१ मध्ये ओरेगॉनला पाठवला, तो इतका रुजला की शेजारच्या साउथ डकोटानं १९४३ मध्ये त्याला राज्यपक्षी करून टाकलं. आमची ग्रीन कार्डाची फाइल मात्र वर्षानुवर्षं हलत नव्हती! म्हणजे बघा, पक्षी चिनी, कुत्रा जर्मन, आम्ही नांदे गावचे आणि बरोबर येणारे शेजारचे आजोबा नॉर्वेच्या वंशाचे. त्या रानात खरा अमेरिकन काय तो मका.

नियम मात्र कडक. सकाळी नऊच्या आधी बार काढायचा नाही. अंगात भडक रंगाचा कपडा हवा, आमचे केशरी, त्यामुळे चारजण ओळीनं निघाले की दिंडी वाटते. दिवसाला माणशी दोन नर, डिसेंबर लागला की तीन. मादीला हात लावायचा नाही. १९७९ नंतर जन्मलेल्याला बंदुकीच्या सुरक्षिततेचा कोर्स केल्याशिवाय परवाना नाही. तुमचे चिरंजीव त्यात पहिल्या झटक्यात पास झाले. नेमबाजी त्या कोर्सात मोजत नसावेत.

कारण अख्ख्या हंगामात यांनी एकही पक्षी पाडलेला नाही. खंड्या वाऱ्याच्या तोंडावर नाक धरून पाणकणसात शिरतो, अंगभर गोखरू चिकटवून घेतो, पक्षी धरून ठेवतो. पक्षी उठतो, हे दोन बार काढतात, पक्षी मक्यात उतरतो. मग खंड्या मान वळवून यांच्याकडे जसं बघतो ना, तसं फक्त तुम्ही बघितलं होतंत, तात्या, यांनी बैलगाडी ओढ्यात घातली तेव्हा. दोन पक्षी मिळाले ते आजोबांच्या बंदुकीला. ते फ्रीजरमध्ये आहेत. षड्‌रात्र संपल्यावर, म्हणजे खंडोबाचे सहा दिवस उलटल्यावर, काळ्या मसाल्यात रस्सा करीन. घास जपून चावायचा, छर्रे पोलादी असतात.

आणि तात्या, तुम्ही म्हणालात की आपल्या मोत्यालाही असं शिकवून माळावर तित्तर धरू. तसलं मनातही आणू नका. १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे ते बंद आहे, वनखात्याचे लोक तुमच्यासकट मोत्याला नेतील. माळावर टॉवर उभे राहूनही पहाटे तित्तर ओरडतो म्हणता, तर मोत्याला घेऊन नुसतं ऐकून या. त्याचा आवाज फोनवर पाठवाल तर खंड्याला ऐकवीन.

आई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज भरीत-रोडग्याचा नैवेद्य केला. खंड्याचं पान वेगळं, कारण कुत्र्यांना कांदा-लसूण बाधतो. आपला चातुर्मासातला नेम आज सुटतो, त्याचा बारमाही. तळी उचलायला पाच माणसं हवीत, म्हणून शेजारच्या आजोबांना बोलावलं. ते टोपी घालून आले.

एक सांगायचं राहिलं. 'हो' म्हणून थांबवलेल्या कुत्र्याला सोडायलाही एक शब्द लागतो. चुकून कुणाच्या तोंडी येणार नाही असा शब्द यांनी शोधला: 'येळकोट'. रानात तो शब्द आजोबाही नॉर्वेजियन सुरात ओरडतात. आज पाचही जणांनी तळीला हात लावला, मी यांना विचारलं, "भंडारा घेतलात?" हे म्हणाले, "हो." खंड्या दारात थिजला. आणि मग आम्ही सगळे एका दमात ओरडलो.

तळी, खोबरं, भंडारा, आजोबांची टोपी, सगळं एकदम उधळलं. आत्ता तो अंगणातल्या बर्फात लोळतोय, नखशिखांत पिवळा, आणि आजोबा खिडकीतून त्याला 'कँडी, कँडी' म्हणून बोलावतायत.

तुमची,
सून