एपीपंतांस शिरसाष्टांग

राजमान्य राजश्री अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट ऊर्फ एपीपंत, मुक्काम न्यूयॉर्क, यांस,

एडिसन, न्यू जर्सीहून समस्त मराठी पालकांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पंत, शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय शिकवणाऱ्या आपल्या कृपेने इथल्या गणपतीत आरतीनंतरच्या गप्पा फार सोप्या झाल्या. पूर्वी मुलगी काय वाचते, पेटी शिकते का, असले अवघड प्रश्न विचारावे लागत. आता ‘किती एपी?’ एवढं पुरतं. ‘अकरा’ असं उत्तर आलं की विचारणाऱ्याच्या घशात मोदक अडकतो.

आपला हिशेब तर थोरच. साध्या विषयात ‘ए’ मिळाला की ४, आपल्या विषयात अनेक शाळा ५ धरतात. त्यामुळे ४.७ सरासरीच्या मुलीने हौसेने ऑर्केस्ट्रा घेतला, जीव ओतून व्हायोलिन वाजवलं आणि ‘ए’ पटकावला, तर सरासरी खाली येते. वाईट वाजवलं तर आणखी खाली, एवढाच फरक. तेव्हा व्हायोलिनं माळ्यावर गेली आणि त्या तासाला मुलं एपी पर्यावरणशास्त्र शिकू लागली. शेजारी आपल्याला दुवा देतात.

आपल्या कालगणनेपुढे तर पंचांगकर्त्यांनी हात टेकावेत. कॉलेजचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, होकार १ मेपर्यंत. आणि बारावीचे आपले पेपर मे महिन्यात, गुण जुलैत! लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायची. कॉलेजाला त्या पेपरात काय पडलं याच्याशी कर्तव्यच नाही. शाळेत होतं त्यातलं सर्वांत कठीण घेतलं का, हे काउन्सेलरने फॉर्मवर खूण करून सांगितलं की झालं. शाळेत तीनच एपी असतील तर तीन पुरतात, असं कॉलेजं प्रेमाने सांगतात. आमच्या शाळेत पंचवीस आहेत हा गुन्हा आमचाच. घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलं होतं ना!

आपला जन्म यासाठी नव्हता, हे ठाऊक आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्झिटर, लॉरेन्सविल या बड्या शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन एकत्र बसले. शाळेत झालेलं पोरांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा घोकावं लागू नये, एवढाच हेतू. १९५५मध्ये कॉलेज बोर्डाने आपल्याला दत्तक घेतलं. प्रवेशानंतर कामाला येणारे आपण, पुढे दारावरच येऊन बसलात. आत मात्र मान उतरला: डार्टमथ कॉलेजने २०१४मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून आपल्या गुणांवर क्रेडिट देणं थांबवलं. २०१८मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी, ओबामांच्या मुलींची सिडवेल फ्रेंड्स त्यांत आलीच, आपल्याला निरोप देत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी दीडशेच्या आसपास कॉलेजांकडून ‘आमच्या मुलांचं नुकसान नाही ना?’ याची खात्री करून घेतली. ज्यांच्या शाळेचं नावच पुरतं, त्यांना असं विचारता येतं. आमच्या पब्लिक स्कूलच्या पोरांसाठी दीडशे फोन कोण करणार? तेव्हा आपण उरलात आमच्या वाट्याला.

कळावे, लोभ असावा.

आपले,
दर मे महिन्यात घरात टीव्ही न लावणारे

ता. क. बारावीच्या पेपरांची मागणी नोव्हेंबरातच नोंदवावी लागते. पुढे क्रेडिट न देणाऱ्या कॉलेजात जागा मिळाली आणि मुलाने पेपर टाळला, तर न बसण्याचे ४० डॉलर पडतात. या न दिलेल्या पेपराची पावती कॉलेजच्या अर्जात कुठे जोडावी, तेवढं कळवावे.