ट्रॅक्टरच्या मागे पांढरे फोकस लावून डांबरीवर येणाऱ्या दादांस

दादा,

तुमचा ट्रॅक्टर लांबूनच ओळखू येतो. दोन्ही मडगार्डवर चौकोनी एलईडी फोकस, हूडच्या मागच्या कडेला आणखी एक लांब पांढरी पट्टी, आणि सगळ्यांची तोंडं थेट मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत. एवढी रोषणाई तर गावच्या जत्रेतही नसते. तुमच्या मागे असतो डेअरीला निघालेला दूधवाला, दुसऱ्या पाळीवरून परतणारा कामगार, नाहीतर कारखान्याकडे चाललेली उसाची बैलगाडी. त्यांनी तुमच्याकडे उजेड मागितला नव्हता, दादा. तरी तुम्ही तो देताच.

शेतात तुम्हाला मागचा दिवा लागतो, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वाफसा आला की रात्र-दिवस बघून चालत नाही. उन्हाळ्यात तर रात्रीच रोटाव्हेटर मारणं माणसाला आणि इंजिनलाही बरं. रोटर किती खोल चाललाय, पात्यांत पाचट गुंडाळलंय का, शाफ्ट नीट फिरतोय का, हे मागे वळून बघावंच लागतं. तिथं अंधारात काम करणं म्हणजे हात-पाय गमावण्याची तयारी. तो दिवा हवाच, आणि चांगला हवा.

कायद्यालाही हे कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ सांगतो की वाहनाने मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दाखवायचा नाही. त्याला मोजके अपवाद आहेत: नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा, आणि त्यातच ट्रॅक्टरचा नांगरणीचा दिवा. पण तो शेतातल्या कामात अवजाराखालची जमीन दिसावी म्हणून. म्हणजे ती सवलत बांधापर्यंतच. तुम्ही ती तालुक्याच्या गावापर्यंत ओढत नेता.

‘मागून कुणी धडकू नये म्हणून लावलाय’ हे तुमचं नेहमीचं उत्तर. हे साफ चूक आहे. रात्री रस्त्यावर पांढरा उजेड दिसला की माणूस समजतो, समोरून गाडी येतेय. लाल दिसला की समजतो, पुढे गाडी चाललीय. तुमचा पांढरा फोकस बघून मागचा गोंधळतो आणि साइडपट्टीवर उतरतो. तुम्ही ब्रेक दाबलात किंवा वळायचा दिवा दिलात, तरी त्या झगमगाटात त्याला तो दिसत नाही. मागे उचललेला सहा-सात फुटी रोटाव्हेटर आणि त्याची पातीही दिसत नाहीत. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. डोळे दिपून दोनच सेकंद गेले, तरी ती २८ मीटर आंधळी धावली. धडक टाळायचीय ना? मग मूळचे लाल दिवे पुसा, गेलेले बल्ब बदला आणि मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. तिला ना वायर लागते, ना बॅटरी.

खरी गोम वायरिंगमध्ये आहे. तुमच्या वायरमनने मागच्या लाल दिव्याच्या वायरला जोड मारला, वर चिकटपट्टी गुंडाळली, काम संपलं. आता रस्त्यावर लाल दिवा लावला की फोकसही लागणारच, तुमची इच्छा असो वा नसो. त्यात ते जुने ५५ वॅटचे दोन हॅलोजन असतील, तर १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास करंट त्या बारीक वायरमधून जातो. वायर तापते, फ्यूज उडतो, आणि त्याच्यासोबत मूळचा लाल दिवाही जातो. मग काही शहाणे फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळतात. केबिनखाली जळका वास येईपर्यंत त्यांचं समाधान टिकतं.

नीट काम असं असतं: बॅटरीजवळच फ्यूज, तिथून पुरेशी जाड वायर रिलेला, रिलेतून फोकसला. रिले चालू-बंद करायला स्वतंत्र बटण, आणि बटणाशेजारी एक बारीक सूचक दिवा. तो सूचक दिवा टाळू नका, कारण मागे तोंड केलेला फोकस सुरू राहिलाय हे सीटवर बसलेल्याला कळतच नाही. बरेचजण वाईट हेतूने नाही, विसरून डांबरीवर येतात. फोकसचं तोंड खाली, अवजारावर. उजेड रोटाव्हेटरच्या मागे चार-पाच फुटांवर संपला पाहिजे.

लाखोंचा ट्रॅक्टर आणि वर हजारोंचे फोकस घेणाऱ्या माणसाला रिले आणि बटण महाग पडतं, हे मला पटत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की याच रस्त्यांवर उसाच्या जोडट्रॉल्या, बैलगाड्या आणि ऊसतोड मजुरांची कुटुंबं रात्रभर असतात. त्याआधी वायरमनकडे जा आणि तो जोड तोडून वेगळं बटण बसवून घ्या. तोवर बांध ओलांडायच्या आधी खाली उतरा आणि फोकसची वायर काढून ठेवा.

तुमच्या मागून येणारा एक वाटसरू