पुन्हा माणसांत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला आणि बाकीचे निर्बंधही उठले. त्याआधी दोन वर्षं माणसाने माणसाला किती भेटावं याचा हिशेब सरकार ठेवत होतं. लग्नाला ५०, अंत्यविधीला २०. एप्रिल २०२१ मध्ये तर लग्नाला २५ माणसं, आणि तेही दोन तासांत उरका, नाहीतर ५० हजार रुपये दंड. एवढी परिपत्रकं निघाली; पण 'आता पुन्हा भेटू लागा, आणि भेटायचं ते असं' हे सांगणारं एकही निघालं नाही. लोक आपापल्या अंदाजाने घराबाहेर पडले आणि गोंधळ झाला. सबब ही मार्गदर्शिका. लेखक डोंबिवलीचा असल्याने उदाहरणं डोंबिवलीची आहेत. इतरांनी आपापल्या स्टेशनाचं नाव घालून वाचावं.

प्रथम, कुणाच्या घरी जाणे. जुनी पद्धत अशी होती की जिना चढताना दार उघडं दिसलं तर डोकावायचं, आणि डोकावलं की आत बसलेली माणसं पोह्यांत आणखी मूठभर पोहे टाकायची. ही पद्धत आता बंद समजावी. समोरच्या दारी जायचं असलं तरी आधी मेसेज टाकावा: 'आहात का?' दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर माणसं घरात नाहीत असं धरून चालावं. आतून मिक्सरचा आवाज येत असला तरी. थेट बेल वाजवणाऱ्याला कुरियरवाला समजतात. दार वीतभर उघडतं आणि फक्त एक हात बाहेर येतो. मी गेलो होतो विरजण मागायला. हात बघून गडबडलो आणि नेलेली रिकामी वाटी त्या हातावर ठेवली. दार बंद झालं. वाटी अजून तिकडेच आहे. आमच्या मुलाच्या मते दही दहा मिनिटांत घरपोच येत असताना शेजाऱ्यांची गरजच काय. दही आणि विरजण यांतला फरक त्याला समजावण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

नमस्कार-चमत्कारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोपराला कोपर लावण्याचा प्रकार आला तसा गेला. एकाने हात पुढे केला आणि दुसऱ्याने जोडले, तर पहिल्याने तोच हात केसांवरून फिरवून घ्यावा. टक्कल असल्यास चष्मा सारखा करावा.

खोकल्याकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागेल, कारण इतक्या झपाट्याने भाव चढून पडलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की पलीकडचा 'हॅलो' ऐकू येण्याआधी सरकारी खोकला ऐकू यायचा. त्या काळात रेशनच्या रांगेत एकदा खाकरलं की पुढचे चौघे आपणहून बाजूला व्हायचे. आज लोकलच्या डब्यात जीव तोडून खोका, शेजारचा फक्त कानातलं यंत्र अधिक खोल दाबतो. तरीही शिष्टाचार म्हणून खोकल्यानंतर 'ठसका लागला' असं जाहीर करावं. समोर पाणी, शेंगदाणा, काहीही नसलं तरी ठसका लागू शकतो, हे आता समाजाने मान्य केलं आहे.

लग्नाच्या आमंत्रणाचा अर्थ लावताना सावध राहावं. पत्रिका घरी आणून दिली तर जेवायला जायचं आहे. पत्रिकेचा फोटो आला तर रिसेप्शनला जायचं आहे, उशिरा. पत्रिकेसोबत थेट प्रक्षेपणाची लिंक आली, तर आपलं नाव पंगतीतून कापलं गेलं आहे हे समजून घ्यावं आणि घरी वरण-भाताचा कुकर लावावा. २५ माणसांतही लग्न लागतं हे वधूपित्यांना एकदा कळलं, ते कळलंच. अर्थात त्याच वधूपित्याने नंतर धाकटीच्या लग्नात ८०० पानं उठवली, कारण थोरलीच्या वेळी राहून गेलेल्यांची तोंडं बंद करायची होती. त्या ८०० मध्येही मी लिंकवरच होतो.

अंतर राखण्याचं कौतुक आपल्याला नव्याने शिकवावं लागलं, असं कुणी म्हटलं तर हसावं. सोवळ्यात हात न लागू देणारी आजी मी पाहिली आहे. आणि कुणाच्या सावलीपासून दूर राहायचं याची मोजमापं या देशात सहा फुटांच्या पट्ट्या आखण्याआधी कितीतरी शतकं पाठ होती. साथ आली तेव्हा ती नुसती सॅनिटायझरने पुसून पुन्हा काढली गेली. आमच्या सोसायटीने २०२२ मध्ये साथीचे सगळे नियम समारंभपूर्वक मागे घेतले. एक तेवढा राहिला: घरकामाच्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी. हा नियम कशासाठी होता, असं मी सर्वसाधारण सभेत विचारलं, तर 'आरोग्यासाठी' असं उत्तर मिळालं. कुणाच्या, हे इतिवृत्तात नाही. या बाबतीत नवशिक्यांसाठी सूचना: मागच्या लिफ्टने जाऊन बघावं. तिथे गप्पा होतात. पुढच्या लिफ्टमध्ये सगळे मजल्यांचे आकडे वाचत उभे असतात.

आता लोकल. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल थांबली. जूनच्या मध्यावर अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, तेव्हा १२०० आसनांच्या गाडीत ७०० जणांनीच बसावं, असं ठरलं होतं आणि बाकांवर फुल्या मारल्या होत्या. ज्या बाकावर तिघांची जागा असते आणि चौघे बसतात, आणि तो चौथा अर्ध्या मांडीवर कल्याण ते भायखळा तरंगत येतो, त्या बाकावर फुली! बाकीच्यांना गर्दीच्या वेळीही चालणारा पास १५ ऑगस्ट २०२१ पासून मिळू लागला. दोन डोस आणि वर १४ दिवस झालेले असले तर. मी सर्टिफिकेट छापून घेतलं, त्यावर शिक्का मारून घेतला आणि आमच्या ८.१३ च्या फास्टला जुन्या डब्यात जुन्या दाराने चढलो.

ग्रुप पाचांचा होता. पुन्हा डब्यात आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी गैरहजेरी घेऊ नये, ही या मार्गदर्शिकेतली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे आणि मी ती पाळली नाही. एकाला कायमचं घरून काम मिळालं होतं. एक बदलापूरला राहायला गेला होता. खिडकीतले काका कुठे, असं मी विचारलं आणि विचारतानाच आठवलं, की एप्रिलमध्ये ग्रुपवर बातमी आली होती आणि मी जोडलेले हात पाठवले होते. पाठवणाऱ्यांत सगळ्यात पहिला मीच होतो.

काका रोज स्टीलच्या डब्यातून चणे-दाणे आणायचे. ठाणे सोडलं की डबा उघडायचा, विक्रोळीला फिरून त्यांच्याकडे यायचा. चौदा वर्षं. त्यांच्या घरी आम्ही कुणीच गेलो नव्हतो.

राहून गेलेल्या समाचाराला जाण्याची रीत कुठल्याच पोथीत नाही, कारण दहाव्या-तेराव्यापर्यंत माणसं येऊन जातात हे पोथीने गृहीत धरलं होतं. त्या एप्रिलमध्ये तसं झालं नाही. ज्याच्या घरी झालं त्याचंही दार बंद, आपलंही बंद. सबब अनुभवातून पुढील नियम तयार केले आहेत. सणासुदीला जाऊ नये. एकट्याने जाऊ नये. तिघं असली की एकाला तरी काहीतरी सुचतं. ऑक्सिजन किती खाली गेला होता, बेड कुठे मिळाला, इंजेक्शन मिळालं होतं का, हे विचारू नये. आम्हाला कळलंच नाही हो, हे म्हणू नये. कळलं होतं.

आम्ही तिघं गेलो ते तीन वर्षांनी. आधी मेसेज, मग फोन, मग बेल, सगळं रीतसर. काकूंनी दार पूर्ण उघडलं. पहिली दहा मिनिटं पंख्याच्या वेगावर बोलणं झालं. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्यातला चौथ्या सीटवर कोण बसायचा?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "हे म्हणायचे, त्याला रोज सांगतो भायखळ्यानंतर इकडे बस, तर ऐकत नाही." मग चहा आला. सुतकातल्या घरचं पाणी घेऊ नये असं आमच्याकडे म्हणतात; तीन वर्षांनी तो नियम लागू होतो की नाही, हे एकमेकांकडे बघून ठरवावं लागलं. प्यायलो.

खरी पंचाईत निघताना झाली. समाचाराला गेलेल्याने उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. पण एवढ्या उशिरा आलेल्याने तेही न म्हणता चपला घालायच्या? आम्ही तिघं दारात चपलांशी खेळत राहिलो. काकू आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. स्टीलचा, झाकणावर काकांचं नाव कोरलेला. आत चणे-दाणे.

"डबा परत द्या," त्या म्हणाल्या. "आणि फोन कशाला करता? बेल आहे ना."

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हा नियम साथीच्या आधीचा आहे आणि तो कुणी मागे घेतल्याचं ऐकिवात नाही. डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. त्यात काय भरून न्यावं, हे प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही. बायको म्हणते, बेसनाचे लाडू. मी आधी समोरच्यांकडून विरजणाची वाटी परत आणायला सुचवलं आहे.