खांबावर चढण्याआधी वाचा, चढल्यावर नको
(कर्जत-खालापूर तालुक्यांत केबलचं काम शिकायला आलेल्या नव्या पोरांसाठी)

ये, बस. बॅग हळू ठेव. तिच्यात स्प्लाइसिंग मशीन आहे. तू शिडीवरून पडलास तर पहिला प्रश्न येईल, ‘मशीनला काही झालं का?’ मनाला लावून घेऊ नकोस. मशीनची पावती आहे, तुझी नाही.

पहिला धडा तोंडी आहे. म्हण: ‘काही होत नाही.’ शिडी भिजलीय? काही होत नाही. खांबावर ठिणगी उडाली? काही होत नाही. हे तीन शब्द सहज तोंडात बसले की तू तयार झालास. आता उरलेला किरकोळ अभ्यास.

शिडी. पुस्तकात लिहिलंय की शिडी जितकी उंच टेकेल त्याच्या चौथ्या हिश्शाइतकं अंतर तिच्या पायथ्याला द्यायचं. म्हणजे वीस फुटांवर टेकली, तर पाय खांबापासून पाच फूट लांब. नेरळच्या बाजारात खांबापासून पाच फुटांवर वडापावची गाडी असते, तीन फुटांवर रिक्षा आणि एका फुटावर गटार. तेव्हा शिडी गटाराच्या हलत्या फरशीवर उभी करायची आणि वडापाववाल्या काकांना म्हणायचं, ‘जरा धरता का?’ काका धरतात. एका हातानं. त्यांचं लक्ष कढईतल्या तेलाकडे असतं, आणि ते योग्यच आहे.

खरं तर खांबावरच्या कामाला दोघांनी जायचं असतं. पण आपल्याला पैसे मिळतात जोडणीमागे. दोघं गेले तर त्याच पैशाचे दोन वाटे. म्हणून शिडी धरणारा दुसरा माणूस आपल्याकडे फक्त फोटोत असतो. काम सुरू करण्याआधी हेल्मेट, पट्टा, चमकणारं जाकीट असा सगळा साज चढवून एक फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटो गेला की हेल्मेट काढून शेजारच्या पोराला द्यायचं. त्याचाही फोटो बाकी असतो. एका हेल्मेटनं एका सकाळी किती डोकी वाचतात ते मी मोजलंय. पाच.

खांब. आपली केबल बहुतेक विजेच्याच खांबावर चढते. मोठ्या लाइनच्या खांबावर सगळ्यात वर अकरा हजार व्होल्टच्या तीन तारा, त्याखाली घरगुती विजेच्या, त्याखाली रस्त्यावरच्या दिव्याची आणि सगळ्यात खाली आपण, काटेरी कुंपणासारखे गुंतलेले. वर कधीही जायचं नाही, वरच्यांना हात लावायचा नाही, ही उतरंड इथं तरी पाळ. आपली फायबर काचेची, आणि काचेतून वीज जात नाही हे खरं. पण केबल ताणून धरायला तिला पोलादी तार दिलेली असते, तिच्यातून छान जाते.

तुला सांगतील, ‘लाइट गेलीय, चढ बिनधास्त.’ इथं कान टवकार. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या, आणि तरी आपल्या वाड्यांतली लाइट पावसाची पहिली सर आली की जाते. ती गेली की पाच मिनिटांत फार्महाऊसांचे जनरेटर घुरघुरू लागतात. एखाद्या बंगल्यात जनरेटर आणि लाइन यांच्यामधला चेंजओव्हर स्वस्तात बसवलेला असला, किंवा बसवलेलाच नसला, तर ती वीज घरातून उलटी खांबावर येते. डीपीपर्यंत पोचली तर तिथून पलीकडे पुन्हा अकरा हजार होते. सगळा गाव अंधारात, आणि तू हात लावलास ती तार जिवंत. अंधाराला ‘बंद’ समजू नकोस. खांबाला हात लावायच्या आधी टेस्टर लाव, मग लाइट गेलेली असो वा नसो. हे मी चेष्टेत सांगत नाहीये.

दात. हा आपल्या धंद्याचा वारसा आहे. तांब्याच्या तारांच्या जमान्यातले जुने लाइनमन वायर दातांनी सोलायचे. टेलिफोनच्या तारेवर एरवी अठ्ठेचाळीस व्होल्ट, त्यानं फार तर जीभ चुरचुरते. पण नेमक्या त्याच क्षणी कुणाचा फोन आला, तर घंटा वाजवायला पंचाहत्तरच्या आसपास व्होल्ट येतात. म्हणजे पुण्याहून कुणाच्या तरी आत्यानं खुशाली विचारायला नंबर फिरवायचा आणि खांबावर आमच्या उस्तादांच्या बत्तिशीत घंटा वाजायची. ते खाली येऊन शांतपणे सांगायचे, ‘लाइन चालू आहे.’

फायबरला हे चालत नाही. ती काच आहे, जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. क्लीव्हरनं कापली की उरतो तो तुकडा दिसत नाही, फक्त सापडतो, बोटात किंवा पोळीत. म्हणून तुकडे कपड्यावर झटकायचे नाहीत. झाकणाच्या बाटलीत टाकायचे आणि बाटलीवर ‘काच’ असं लिहायचं. नाहीतर दुपारी तहानलेला कुणीतरी ती तोंडाला लावेल. आणि जिथं जोड मारलास तिथं जेवणाचा डबा उघडायचा नाही. हात धुऊन, चार पावलं लांब बस.

डोळे. ग्राहकाच्या इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागला की फायबरचं टोक डोळ्यासमोर धरून आत ‘उजेड येतोय का’ बघायचा मोह होतो. एक्स्चेंजकडून येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा असतो. माणसाचा डोळा सातशेच्या पुढचं जवळजवळ पाहतच नाही. म्हणजे तुला काहीच दिसणार नाही, पापणीही मिटणार नाही, आणि तू म्हणशील, ‘उजेड नाही, लाइन मेली.’ पॉवर मीटर त्यासाठीच दिलाय. तो बॅगेत तळाशी, हिशोबाच्या वहीखाली असेल.

जनावरं. जूनपासून जॉइंट बॉक्स उघडताना आधी काठीनं टकटक करावी. आतलं भाडेकरू मंडळ मोठं असतं: पाली, मुंग्या, गांधीलमाश्या. जमिनीवरच्या पेटीखाली फुरसं असू शकतं, कुंपणाच्या वेलीत हिरवा चापडा. तो पानासारखाच दिसतो, आपण केबल ओढायला हात घालतो तिथंच असतो. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाला विचारायचं नाही. हात हलवू न देता १०८ ला फोन, आणि कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. सापाला मारून सोबत न्यायचीही गरज नाही. त्याच्याकडे तुझ्यासारखंच ओळखपत्र नसतं.

माथेरानला ड्युटी लागली तर खूश होशील. होऊ नकोस. गाडी दस्तुरीला थांबते, पुढं वाहनबंदी. केबलचं ड्रम, शिडी, मशीन सगळं पायी किंवा घोड्यावर. वर माकडं केबलवर झोके घेतात आणि आपण बांधलेले क्लिप सोडून बघतात. सुरक्षेची साधनं न वापरता खांबावर इतक्या सफाईनं वावरणारे कामगार मी दुसरीकडे पाहिले नाहीत. त्यांची नक्कल करू नकोस, त्यांना शेपूट आहे.

खड्डे. फार सांगत नाही. चौक गावाच्या बाजूला रस्त्याकडेला जेसीबी दिसला की समज, आज संध्याकाळी काम आहे. खणण्याआधी जमिनीत कुणाची केबल आहे ते विचारायचं ॲप सरकारनं मार्च २०२३ मध्ये काढलं. जेसीबीवाल्या दादांची पद्धत जुनी आहे: आधी खणायचं, मग ज्याची असेल तो ओरडत येतो.

आता शेवटचं, सगळ्यात धोक्याचं. फोन. तो बघ, वाजलाच. कशेळे रोडचे फार्महाऊसवाले साहेब असणार. शनिवार आहे, मॅच आहे, पाहुणे आलेत आणि लाल दिवा लागलाय. ते म्हणतील, ‘पावसाचं काय घेऊन बसलास, दोन मिनिटांचं तर काम आहे.’ तू म्हणायचं, ‘साहेब, विजा थांबल्या की लगेच चढतो.’ ते तक्रार करतील. एक स्टार देतील. देऊ दे. मला आजवर पुष्कळ मिळालेत, आभाळभर होतील.

हेल्मेट घे. फोटो नको काढूस, नुसतं घाल. पट्टा दोन्हीकडून अडकव.

चल, शिडी मी धरतो. पैसे अर्धे-अर्धे.