सक्तीचा तास, ऐच्छिक हिशेब

आमदार, खासदार आणि उमेदवारांना निवडणूक खर्चाचे प्रशिक्षण सक्तीचे करा, अशी सूचना अधूनमधून कुणीतरी करते. आमचा तिला जाहीर पाठिंबा आहे. आजही असे वर्ग भरतात, पण तिथे साहेबांऐवजी त्यांचा सीए येतो, चहा घेतो आणि नोंदवही काखोटीला मारून जातो. वहीत रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. काळे पान निवडणूक आयोगाने छापलेले नाही. तेव्हा त्या नोंदी कुठे करायच्या, हा उमेदवारांचा रास्त प्रश्न आहे.

सक्ती झालीच, तर पहिला तास गणिताचा ठेवावा. लोकसभेला खर्चाची मर्यादा 95 लाख. आपल्या राज्यात एका मतदारसंघात सरासरी 19 लाखांहून जास्त मतदार. म्हणजे माणशी पाच रुपयेही येत नाहीत. एवढ्यात हल्ली अर्धा वडापाव मिळत नाही. उमेदवार मात्र त्यात मंडप, ढोल-ताशे, उपरणी, एलईडी रथ आणि कार्यकर्त्यांची बिर्याणी बसवून वर पैसे उरवतो. 2014 साली मर्यादा 70 लाख होती आणि निवडून आलेल्या खासदारांचा जाहीर खर्च सरासरी 40 लाखांच्या आसपास. इतकी बचत करणाऱ्यांना आपण काय शिकवणार? उलट त्यांना रिझर्व्ह बँकेत व्याख्यानाला बोलवावे. तरी 2022 मध्ये मर्यादा वाढवून देण्यात आलीच. उरलेल्या पैशांना जागा कमी पडत असावी. आता चहापासून खुर्चीपर्यंत प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा प्रशासन ठरवून देते. मताचा दर तेवढा खुल्या बाजारावर सोडला आहे.

दुसरा तास भूगोलाचा. स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात पडत नाही. पण उमेदवार त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये बसला, तर निम्मा भार त्याच्यावर. म्हणून जाणता उमेदवार हार घेऊन हेलिपॅडवर धुळीत उभा राहतो. लोकांना ती निष्ठा वाटते. ते लेखाशास्त्र असते.

तिसरा तास वक्तृत्वाचा. 2009 साली लोकसभेची मर्यादा 25 लाख होती. 2013 मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात सांगून टाकले, की त्या निवडणुकीत आपण 8 कोटी खर्च केले. आयोगाची नोटीस आली. बाकीच्यांनी धडा घेतला: भाषणात आश्वासने द्यावीत, आकडे देऊ नयेत. आणि आकडा लहान असला म्हणून गाफील राहू नये. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव 2011 मध्ये अपात्र ठरल्या, त्या बातमीच्या वेषातल्या जाहिरातीचे 21,250 रुपये हिशेबात न दाखवल्यामुळे. कायद्याची जाळी बारीक आहे, एवढे खरे. मोठा मासा तीत शिरतच नाही.

शेवटचा तास इतिहासाचा. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 1974 मध्ये दिला. त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो खर्च पुन्हा वगळण्यात आला. पुढे त्या तरतुदीचे शब्द बदलले, पण राजकीय पक्षाच्या एकूण खर्चाला कायद्याने आजही मर्यादा नाही. आपल्या राज्यकर्त्यांना लवकर शिकता येत नाही, असे कोण म्हणतो? महिन्याच्या आत त्यांनी धडा वाचला, समजून घेतला आणि पुस्तकातून फाडूनही टाकला.

तेव्हा प्रशिक्षण जरूर सक्तीचे करावे. अडचण एकच. सक्तीसाठी कायदा लागेल आणि तो विद्यार्थ्यांनाच करावा लागेल. नापास झाल्यास काय, या कलमावर ते संयुक्त समिती नेमतील. समिती परदेशातल्या पद्धती पाहून येईल. त्या दौऱ्याला खर्चाची मर्यादा नसेल.