अबोला सोडवणारे नाना

कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क यांचं बोलणं बंद झालं की सोसायटीत नानांना बोलावणं जातं. असे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. निवृत्त, म्हणजे वेळ भरपूर आणि मतं त्याहून भरपूर. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात वायरींचा गुंता.

"चहा मागाहून. टिंग वाजतं का ते सांगा."

नानांचं सगळं निदान या टिंगवर उभं. टिंग वाजलं पण डिस्क दिसत नाही, म्हणजे पाहुणा आलाय, त्याला बसायला पाट मिळालेला नाही. मग नाना त्याला एखादं मोकळं अक्षर नेमून देतात. टिंगच नसेल तर मात्र ते डिस्क उचलून कानाला लावतात आणि सगळ्या घराला गप्प बसवतात. आमच्याकडे तर कुकरसुद्धा बंद करायला लावला.

"घुर्र येतंय. जीव आहे. टकटक आली असती तर मी उठून गेलो असतो."

मग चौकशी. "मागच्या वेळी न विचारता कुणी उपटली?" सगळं घर चिरंजिवांकडे बघतं. "आणि मशीनने 'फॉरमॅट करू का' विचारलं होतं? हो म्हणालात?" तिथे हो म्हणणारा माणूस नानांच्या लेखी सातबारा न वाचता अंगठा उठवणारा.

पुढच्या बाजूला लावलेली डिस्क बघून ते कळवळले. "पुढचं भोक पेनड्राइव्हपुरतं हो! जुनं यूएसबी ५०० मिलिअँपिअर देतं, निळं ९००. डिस्कला फिरायला लागतानाच जास्त ओढ लागते." निळं भोक अर्थातच मागे. कॅबिनेट टेबलाखालून ओढलं तेव्हा दोन हेअरपिना, एक सोंगटी आणि गेल्या संक्रांतीचा तिळगूळ निघाला. मी वायर खुपसली; जाईना. उलटी केली, जाईना. पुन्हा सुलटी केली; गेली.

"हसू नका. हे यूएसबी ज्यांनी इंटेलमध्ये घडवलं ना, ते अजय भट्ट बडोद्यात शिकलेले. १९९६ साली आलं. दोन्हीकडून जाईल असं केलं असतं तर वायरी दुप्पट, खर्च दुप्पट. बडोद्याचा माणूस, हिशेब बघणारच!" बडोदा म्हणजे गायकवाडांचं, म्हणजे आपलंच, हा अभिमान वेगळा.

एवढं होऊनही टिंग नाही. दिवा लागतोय, डिस्क फिरतेय, कॉम्प्युटर ढिम्म. आत मुंजीचे सगळे फोटो. सौ. देवाकडे बघू लागली. तेव्हा कुठे नानांनी वायरीचं दुसरं टोक निरखलं. डिस्कचं तोंड चांगलं रुंद, आणि त्याच्या अर्ध्या भागात फोनची अरुंद पिन कोंबलेली.

"ही चार्जिंगची! हिच्यातून वीज जाते, शब्द जात नाही. आतल्या बोलायच्या तारा घातलेल्याच नाहीत. कुठून आणलीत ही?"

"तुम्हीच दिलीत नाना," चिरंजीव म्हणाले. "गणपतीत."

नानांना एकदम पिशवीत काहीतरी शोधायचं आठवलं. रुंद तोंडाची तिसरी वायर लागू पडली. टिंग! बटूचं गोटा केलेलं डोकं पडद्यावर झळकलं. नानांनी चहा मागितला, वर साखर मागितली, आणि 'सेफली रिमूव्ह'वर दहा मिनिटं आम्हाला झापलं.

सौ. ती जुनी वायर केराच्या डब्यात टाकत होती. नानांनी हात आडवा घातला. नीट गुंडाळून, रबर लावून ती पिशवीत ठेवली.

"असू दे वहिनी. लागते कुणाला तरी."