पिस्तूल भरणाऱ्या नवशिक्यांसाठी साधननिवड

दिवाळीला शहापूर-मुरबाडकडे गावी येणारा चाळिशीचा माणूस पहिल्या दिवशी फराळ करतो, दुसऱ्या दिवशी भाच्याचं टिकल्यांचं पिस्तूल 'बघू रे जरा' म्हणून मागून घेतो आणि तिसऱ्या दिवशीही परत करत नाही. अशा होतकरूंनी स्वतःचं सामान स्वतः घ्यावं आणि भाच्याला मोकळं करावं, एवढ्यासाठी हा प्रपंच.

खऱ्या पिस्तुलाची काडतुसं घरी भरायची हौस असेल त्यांनी इथेच थांबावं. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे काडतूस बनवायलाही परवाना लागतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बनवणाऱ्याची शिक्षा सात वर्षांपासून सुरू होऊन जन्मठेपेपर्यंत जाते. दारूगोळ्याचं काम खडकीचा कारखाना 1869 पासून करतो आहे, त्याला आपल्या मदतीची गरज नाही. आपण टिकल्यांकडे वळू.

आधी खरेदी. कल्याणला स्वस्त मिळतं म्हणून पिशवी भरून कसारा लोकलमध्ये चढू नये. गाडीतून फटाके नेणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'टिकली म्हणजे फटाका नव्हेच' हा युक्तिवाद आसनगावच्या फलाटावर करून पाहण्यासारखा नाही. मुरबाडला रेल्वेच नसल्याने तिकडचे लोक स्वतःला सुटलेले समजतात, पण एसटीतही फटाके चालत नाहीत. तेव्हा गावच्या बाजारात घ्या. शिवकाशीचा माल तिथेही पोचतो.

आता पिस्तूल. रंग, चकाकी आणि नळीची लांबी पाहून भाळणारा माणूस नवशिका ओळखावा. नळीतून काही बाहेर पडत नाही, ती नुसती शोभेची. पाहायचा तो घोडा. चाप ओढल्यावर घोडा टिकलीच्या बरोबर मध्यावर पडला पाहिजे. कडेवर पडला की टिकली नुसती चेपते आणि समोर छातीवर हात धरून मरायला तयार उभा असलेला पोरगा ताटकळतो. दुकानात टिकली न लावता चाप दहा वेळा ओढा, दुकानदार 'ओ, खेळायला दिलंय का?' असं विचारेपर्यंत ओढत राहा. स्प्रिंग त्याआधी ढिली पडली तर ते पिस्तूल लक्ष्मीपूजनापर्यंत टिकणार नाही. पत्र्याचं किंवा ओतीव धातूचं मिळालं तर तेच घ्यावं. प्लास्टिकच्या पिस्तुलाला वजन नसतं, आणि वजनाशिवाय कमरेला खोचण्यात अर्थ नाही.

दारूगोळ्यात तीन पंथ आहेत. डबीतल्या सुट्या टिकल्या, कागदी रोल आणि प्लास्टिकच्या लाल रिंगा. रिंग सोपी असते, आठ बार झाले की काढून दुसरी लावायची; यात शिकण्यासारखं काही नाही, म्हणून सोडून देऊ. रोल दिसायला भारी, पण आतली खुंटी तो कधी अर्धंच घर पुढे सरकवते, कधी एकदम दोन घरं, आणि ऐन चकमकीत घोडा कोऱ्या कागदावर आपटतो. शिवाय वापरलेली पट्टी वेळच्या वेळी फाडली नाही, तर ती दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी बाहेर लोंबते. माझं मत विचाराल तर सुट्या टिकल्या. एक लावायची, एक उडवायची. वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात शत्रूलाही भरून घेता येतं, आणि खेळ न्यायाने चालतो.

पिस्तुलाला पैसे नसतील तर दगड. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, टिकाऊपणाबद्दल अजून कुणाची तक्रार नाही. आजीचा वरवंटा आणि खलबत्त्यातला बत्ता ही साधनं उत्कृष्ट आहेत, फक्त आजी घरात नसावी लागते. नट-बोल्टात टिकल्या ठासून ते उंच उडवण्याचा एक जुना प्रकार आहे. उडालेलं लोखंड कुठे येईल याचा हिशेब कुणालाच जमलेला नाही, म्हणून तो वर्ज्य. टिकल्या खरवडून त्यांची पूड एकत्र करणं त्याहून वाईट: ती नुसत्या घासण्यानेही पेट घेते आणि बोटं घेऊन जाते.

भातकापणीच्या दिवसांत रात्री दव पडतं, आणि ओटीवर विसरलेली डबी सकाळी फुसकी निघते. अशा टिकल्या अंगणातल्या उन्हात सुपावर पसराव्यात. चुलीच्या कडेला ठेवणाऱ्याला पुढचं मार्गदर्शन इथे नव्हे, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मिळेल.

नेम कशावर धरायचा? अंगणातला मातीचा किल्ला आहेच. शहापूरकडच्या पोरांना माहुली डोळ्यांसमोरच असतो. 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना गेला आणि 1670 मध्ये मोरोपंतांनी परत घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंनी खेळायला वाव आहे. भाच्याला मोगल व्हायला सांगून पाहा, म्हणजे वाव किती ते कळेल. मुरबाडकडे कुणी सिद्धगड उभारला असेल तर मात्र पिस्तूल खिशात ठेवा. तिथे 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या गडावर नेम धरायचा नाही.

वेळेचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. पोरं मात्र नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फुटल्या क्षणापासून युद्ध पुकारतात. त्यांना निकाल समजावून सांगायचं काम मामाचं. स्वतःच्या खिशातली डबी त्याआधी दुसऱ्याकडे द्यावी.

दिवाळी हुकली तर पौषातली म्हशाची जत्रा आहे. तिथे फुगे फोडायची छऱ्यांची बंदूक भाड्याने मिळते, भरूनही देतात. नेम चुकला तर बंदुकीच्या माशीला दोष द्यायची प्रथा आहे, ती पाळावी.

ठिणगी डोळ्यात गेली तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. बोट भाजलं तर गार पाण्याखाली धरा, टूथपेस्ट दातांसाठी ठेवा. आणि खरेदीला जाल तेव्हा पिस्तुलं दोन घ्या. एक घेतलंत तर ते भाच्याचंच होणार.